बोटभर जागा : लाकडी जमिनीच्या नक्षीमागचे विज्ञान

पावसाळा सुरू झाला की आमच्या अनसिंगच्या घराचे मागचे दार चिकटते. वैशाखात हेच दार नुसत्या वाऱ्याने उघडते आणि मिटते. आषाढ लागला की मात्र त्याला खांद्याने रेटावे लागते. दिवाळी झाली की ते पुन्हा सुतासारखे सरळ! तुमच्याही घरी असे एखादे दार असेलच. काही लोक पावसाळ्यात सुताराला बोलावून दाराची कड रंध्याने तासून घेतात. मग उन्हाळ्यात दार आणि चौकट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडते आणि दोष दिला जातो सुतारालाच.

बैलगाडीच्या चाकाचेही असेच आहे. कडक उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आटते, आरे खिळखिळे होतात आणि चाकावरची लोखंडी धाव सैल पडते. अशा वेळी जुने शेतकरी चाक पाण्यात भिजत ठेवत. लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. कुऱ्हाडीचा सैल झालेला दांडाही पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

म्हणजे लाकूड पाण्याने फुगते, ही गोष्ट काही नवीन नाही. पण ते किती फुगते? सर्व बाजूंनी सारखेच फुगते का? आणि ते फुगणारच असेल, तर अख्ख्या खोलीची जमीन लाकडाची करायची झाल्यास काय करावे? या प्रश्नांचा हिशेब मला एका फसलेल्या जमिनीने करायला लावला. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

वैशाखात बसवलेली जमीन

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शाळेला तिच्या माजी विद्यार्थ्याने आपल्या पडक्या वाड्याचे सागवान भेट दिले. वाड्याच्या कडीपाटाच्या त्या फळ्या होत्या. लांब, जाड आणि शंभराच्या आसपास वय असलेल्या. शाळेने ठरवले की खेळाच्या खोलीत या फळ्यांची जमीन करायची. खोली ६ मीटर रुंद आणि ९ मीटर लांब. सुट्टीत काम व्हावे म्हणून मे महिना निवडला. सुतार मिस्त्रींनी १५ सेंटिमीटर रुंदीच्या चाळीस ओळी खोलीच्या लांबीला समांतर बसवल्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ काढून फळ्या एकमेकींत अडकवल्या आणि खालच्या लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकल्या.

मिस्त्रींचे म्हणणे होते की भिंतीजवळ बोटभर जागा सोडावी. पण पाहणाऱ्या मंडळींना ती फट आवडली नाही. "शंभर वर्षांचे मुरलेले लाकूड, ते आता काय हलणार?" असे म्हणून त्यांनी फळ्या भिंतीला घट्ट भिडवायला लावल्या.

जुलै गेला, ऑगस्ट आला. एके दिवशी सकाळी खोली उघडली तेव्हा जमीन मध्यभागी उंटाच्या पाठीसारखी वर आली होती. खिळे उपटले होते, काही फळ्या चिरल्या होत्या. फुगवटा मोजला तर वीतभर! मिस्त्रींची निम्मी मजुरी द्यायची राहिली होती. ती अडवून धरण्यात आली. "काम कच्चे केले," असा ठपका त्यांच्यावर आला. मला पाहायला बोलावले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सर, मी म्हटलं होतं ना, बोटभर जागा सोडू द्या. माझं कोणी ऐकलं नाही. आता तुम्हीच हिशेब करून सांगा."

तेव्हा आपण हिशेबच करू.

वीतभर फुगवटा म्हणजे किती वाढ?

प्रथम एक सोपा प्रश्न. ६ मीटर रुंदीची जमीन दोन्ही भिंतींच्या मध्ये पक्की अडकलेली आहे. ती मध्यभागी वीतभर, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर वर आली. तर तिची रुंदी किती वाढली असेल? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले "वीतभर" असे उत्तर देतात.

वर आलेली जमीन म्हणजे घराचे दोन पाखी छप्पर आहे, असे समजा. प्रत्येक पाख्याचा पाया ३०० सेंटिमीटर आणि उंची २२ सेंटिमीटर. हा काटकोन त्रिकोण झाला. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढा. ३०० चा वर्ग ९०,०००; २२ चा वर्ग ४८४; बेरीज ९०,४८४; आणि तिचे वर्गमूळ सुमारे ३००.८. म्हणजे एका पाख्याची वाढ फक्त ०.८ सेंटिमीटर आणि दोन्ही मिळून १.६ सेंटिमीटर!

पाहा, दीड-पावणेदोन सेंटिमीटर जास्तीची रुंदी, आणि तिला जायला जागा नाही म्हणून वीतभर फुगवटा. जागा न मिळालेली थोडीशी वाढ उंचीच्या रूपाने कितीतरी मोठी होऊन दिसते. आणि दीड-पावणेदोन सेंटिमीटर म्हणजे किती? जवळजवळ बोटाची रुंदी. मिस्त्रींच्या बोलण्यात तथ्य होते, हे येथेच दिसू लागले.

लाकूड कोणत्या बाजूने फुगते?

आता लाकडाच्या आत डोकावू. झाडाचे खोड म्हणजे उभ्या, लांबट, नळीसारख्या पेशींचा गठ्ठा. या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या बनलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेक तंतू खोडाच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात. सेल्युलोजच्या रेणूंना पाण्याची ओढ असते. हवेतील बाष्पाचे रेणू पेशीभित्तीत शिरतात, तंतूंच्या मध्ये जाऊन बसतात आणि तंतूंना एकमेकांपासून दूर सारतात.

कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. तिच्यातील प्रत्येक ताट थोडे जाड झाले तर पेंढी जाड होईल. पण लांब होईल का? होणार नाही. लाकडाचेही तसेच. तंतूंच्या मध्ये पाणी शिरल्याने लाकूड आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाहीच. एकाच पदार्थाचे गुणधर्म वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे असले तर त्या पदार्थाला आपण विषमदिक् पदार्थ म्हणतो. लाकूड हे त्याचे घराघरातले उदाहरण आहे.

आडव्या दिशाही दोन आहेत. खोडाच्या केंद्राकडून सालीकडे जाणारी ती त्रिज्येची दिशा आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने जाणारी ती स्पर्शिकेची दिशा. ओले, ताजे सागवान पूर्ण कोरडे केले तर त्रिज्येच्या दिशेने ते सुमारे २.५ टक्के आटते आणि स्पर्शिकेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के. लांबीच्या दिशेने आटणे ०.१ ते ०.२ टक्के एवढेच असते. युरोप-अमेरिकेत जमिनीसाठी ओक लाकूड फार वापरतात. त्यातील पांढऱ्या ओकचे हेच आकडे त्रिज्येला ५.६ आणि स्पर्शिकेला १०.५ टक्के आहेत. म्हणजे आपला साग त्याच्या मानाने निम्माच हलतो. सागाची ख्याती उगाच नाही. पण "निम्मा हलतो" म्हणजे "हलत नाही" असे मात्र नव्हे.

लाकूड हवेशी समतोल राखते

लाकडातील ओलाव्याचे प्रमाण मोजणे सोपे आहे. लाकडाचा तुकडा तोला. मग तो भट्टीत पूर्ण कोरडा करून पुन्हा तोला. समजा आधी वजन १०८ ग्रॅम होते आणि नंतर १०० ग्रॅम झाले. तर ८ ग्रॅम पाणी गेले, आणि ओलावा ८ टक्के.

हा ओलावा ठरवते भोवतालची हवा. हवा कोरडी असेल तर लाकूड पाणी सोडते, दमट असेल तर घेते आणि काही काळाने दोघांचा समतोल होतो. हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर सर्वसाधारण लाकडाचा ओलावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. आर्द्रता ८० टक्के असेल तर साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास. ही देवघेव लाकूड किती जुने आहे हे विचारत नाही. मुरलेले लाकूड म्हणजे सुरुवातीचे जादा पाणी निघून गेलेले लाकूड. त्यानंतरही ते हवेबरोबर श्वास घेतच राहते. शंभर वर्षांच्या वाड्याचे दारसुद्धा पावसाळ्यात चिकटते ते याचमुळे. शाळेतल्या मंडळींची चूक झाली ती येथे.

आता वाशिम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या गावाचे हवामान पाहा. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. श्रावणात तीच आर्द्रता ऐंशीच्या वर. मुंबई-रत्नागिरीकडे हवा बाराही महिने कमीअधिक दमट असते. लाकडाच्या दृष्टीने खरी परीक्षा आमच्या विदर्भातच. बंद खोलीतील जाड फळी हवेच्या टोकाच्या स्थितीपर्यंत पोचत नाही. म्हणून आपण उन्हाळ्यात ६ टक्के आणि पावसाळ्यात १४ टक्के ओलावा धरू. फरक झाला ८ टक्के.

आकडे काय सांगतात?

ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या वर गेला की पेशीभित्ती पाण्याने तृप्त होतात. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळीत साठते, त्याने लाकूड फुगत नाही. म्हणजे ५.८ टक्क्यांचे सारे आटणे ओलाव्याच्या ३० टक्के फरकात घडते. भागाकार करा : ओलाव्यातील दर १ टक्का बदलाला रुंदीत सुमारे ०.१९ टक्के बदल.

आता आपली जमीन. ओलाव्यातील फरक ८ टक्के. म्हणून रुंदीतील वाढ ०.१९ गुणिले ८, म्हणजे १.५२ टक्के. १५ सेंटिमीटरची एक फळी सव्वादोन मिलिमीटरने वाढली. एका फळीकडे पाहिले तर हे डोळ्यालाही जाणवणार नाही. पण चाळीस फळ्यांची बेरीज झाली ९ सेंटिमीटर!

"पण सर, फुगवट्यावरून तर वाढ पावणेदोन सेंटिमीटरच्या आतच निघाली होती," असे तुम्ही म्हणाल. शंका रास्त आहे. ९ सेंटिमीटर ही वाढ फळ्या मोकळ्या असत्या तर झाली असती. येथे त्या जखडलेल्या होत्या. खिळ्यांनी त्यांना धरून ठेवले, खाचा आणि जिभा दबून चुरडल्या, फळ्यांच्या मधल्या बारीक फटी भरल्या. शिवाय ऑगस्टपर्यंत सर्वच ओलावा आत गेलेला नव्हता, आणि सर्व फळ्या स्पर्शिकेच्या दिशेने कापलेल्याही नव्हत्या. एवढे सगळे सोसून जी वाढ उरली ती वर उसळली.

फळीचे टोक पाहून तुम्हालाही ती कशी कापली आहे हे ओळखता येईल. टोकावरची वलये फळीच्या रुंदीला समांतर, म्हणजे आडवी पडलेली दिसली तर ती फळी जास्त फुगणारी. वलये उभी दिसली तर तिची रुंदी त्रिज्येच्या दिशेत आहे. ती निम्म्याहून कमी फुगेल.

उलट ९ मीटर लांबीच्या दिशेने काय झाले? तिकडची वाढ जास्तीत जास्त चार-पाच मिलिमीटर. एकीकडे ९० मिलिमीटर, दुसरीकडे ४!

तुम्ही पुस्तकात रेल्वेच्या रुळांमधील फटीबद्दल वाचलेले आहे. त्याच्याशी तुलना करू. ६ मीटर लांबीचा पोलादी रूळ तापमान ३० अंशांनी वाढल्यावर सुमारे २ मिलिमीटर वाढतो. आपले लाकूड ओलाव्याने ९० मिलिमीटर वाढू पाहत होते. उष्णतेनेही लाकूड प्रसरण पावते खरे, पण एवढ्या रुंदीत ते फार तर पाच-सात मिलिमीटर असते, आणि उन्हाळ्यात ताप वाढतो तेव्हा ओलावा घटतो. म्हणून लोखंडाच्या उलट, लाकूड आपल्याकडे उन्हाळ्यात आटते. रुळांना फट लागते ती उन्हाळ्यासाठी. लाकडी जमिनीला लागते ती पावसाळ्यासाठी.

नक्षी काय करते?

जमीन उकलली तेव्हा बऱ्याच लांब फळ्या चिरल्या होत्या. पण त्यांचे आखूड तुकडे चांगले होते. मिस्त्री म्हणाले, "या तुकड्यांची चटईच्या विणीसारखी नक्षी करता येईल." कोणाला वाटले, हा केवळ शोभेचा विचार आहे. पण वहीवर आकृती काढून पाहिली तेव्हा शोभेच्या आत दडलेले गणित दिसले.

चटईच्या विणीची रचना अशी. ३० सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की ३० सेंटिमीटरचा एक चौरस होतो. पहिल्या चौरसात पट्ट्या उभ्या, शेजारच्यात आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या. सारीपाटासारखे हे चौरस खोलीभर मांडायचे. ६ मीटरच्या एका ओळीत असे वीस चौरस येतात. त्यांपैकी दहांतील पट्ट्या ओळीच्या आडव्या आहेत. तेच ओळीच्या दिशेने फुगणार. उरलेल्या दहांतील पट्ट्या ओळीच्या दिशेनेच आहेत. त्यांची लांबी वाढतच नाही. म्हणजे एकूण वाढ निम्मी झाली. ९ सेंटिमीटरची साडेचार!

"मग उरलेली निम्मी वाढ गेली कुठे?" हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ती खोलीच्या लांबीच्या दिशेने गेली. पूर्वी त्या दिशेने जमीन वाढतच नव्हती. आता तिकडेही त्याच प्रमाणात वाढेल. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ही गोष्ट स्पष्ट होते. सरळ फळ्यांच्या जमिनीत रुंदी १.५२ टक्के वाढते आणि लांबी जवळजवळ तेवढीच राहते, क्षेत्रफळ १.५२ टक्के वाढते. नक्षीच्या जमिनीत रुंदी ०.७६ टक्के आणि लांबीही ०.७६ टक्के वाढते. दोन्हींचा गुणाकार करा, क्षेत्रफळ पुन्हा सुमारे १.५२ टक्केच वाढते. नक्षी लाकडाचे फुगणे थांबवत नाही. तेवढ्याच लाकडात तेवढेच पाणी शिरणार. नक्षी ते ओझे दोन दिशांना सारखे वाटून देते. एकाच भिंतीवर पडणारा भार चारही भिंतींनी उचलावा, तशी ही व्यवस्था आहे.

चौरसांच्या आतही थोडी कुरबुर होतेच. फुगलेला चौरस आता खरा चौरस राहत नाही, किंचित आयत होतो. त्यामुळे कोपऱ्यांशी एक-दोन मिलिमीटरच्या चौकोनी फटी दिसू शकतात. पण त्या इतक्या विखुरलेल्या असतात की नजरेला खुपत नाहीत.

दुसरी प्रसिद्ध नक्षी मासळीच्या काट्याची. हिला इंग्रजीत हेरिंगबोन म्हणतात. हिच्यात एका पट्टीचे टोक दुसऱ्या पट्टीच्या कुशीला काटकोनात टेकते आणि अशा जोड्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक चढत जातात. येथेही निम्म्या पट्ट्या एका दिशेने आणि निम्म्या तिच्या काटकोनात. म्हणून वाढीची वाटणी तशीच होते. भूमितीच्या दृष्टीने मात्र दोहोंत एक गमतीचा फरक आहे. चटईच्या विणीत पट्टीची लांबी रुंदीच्या नेमक्या पटीत, म्हणजे दुप्पट, तिप्पट, चौपट अशी असावी लागते. नाहीतर चौरसच होत नाही. मासळीच्या काट्याला ती अट नाही. कोणत्याही लांबी-रुंदीच्या एकसारख्या पट्ट्यांनी ती नक्षी फट न राहता भरते. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याचे तुकडे कापून पाहा. अर्थात भिंतीपाशी तुकडे कापून बसवावे लागतात, आणि गुण्या हातात धरून प्रत्येक पट्टीचा काटकोन तपासावा लागतो. एका पट्टीतील थोडीशी चूक पुढच्या प्रत्येक ओळीत वाढत जाते.

बोटभर जागेचा हिशेब

आता एवढेच राहिले : भिंतीजवळ किती जागा सोडावी? काम कोणत्या महिन्यात करतो यावर ते अवलंबून आहे. मे महिन्यात लाकूड सर्वांत आटलेले असते. त्यानंतर ते फक्त फुगणारच. तेव्हा बसवले तर पूर्ण ८ टक्क्यांची तरतूद हवी. पण दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्याचा ओलावा उतरत असताना लाकूड मधल्या स्थितीत, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा बसवले तर पुढे ते ४ टक्के ओलावा घेईल आणि ४ टक्के सोडेल. म्हणून तरतूद निम्म्याचीच.

हिशेब करा. ६०० सेंटिमीटर रुंदी. ओलाव्यातील वाढ ४ टक्के. दर टक्क्याला ०.१९ टक्के, आणि नक्षीमुळे त्याचे निम्मे. उत्तर येते सुमारे २.३ सेंटिमीटर. ते दोन भिंतींत वाटले की प्रत्येक बाजूला जेमतेम सव्वा सेंटिमीटर. बोटाची रुंदी दीड सेंटिमीटरच्या आसपास असते. थोडी शिल्लक ठेवून हिशेब आला बोटभर! लांबीच्या दिशेला खोली दीडपट मोठी, म्हणून तिकडे बोटापेक्षा थोडी जास्त.

मिस्त्रींना ०.१९ हा आकडा ठाऊक नव्हता. पण तीस-चाळीस पावसाळे लाकूड पाहिलेल्या माणसाचा अंदाज आणि आमचा गुणाकार एकाच जागी येऊन पोचले. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मे महिन्यात, सरळ फळ्यांच्या जमिनीला बोटभर जागाही अपुरीच पडली असती. फुगवटा कदाचित एवढा आला नसता, पण फळ्यांवर ताण आलाच असता. बोटभर जागा, योग्य महिना आणि नक्षी, या तिन्हींनी मिळून काम होते. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला तेव्हा शाळेच्या मंडळींनी तो मोकळ्या मनाने मानला. मिस्त्रींची अडवलेली मजुरी त्यांना मिळाली आणि कार्तिकात त्यांनीच चटईच्या विणीची नवी जमीन बसवली. भिंतीजवळच्या फटीवर त्यांनी लाकडाची पट्टी लावली आहे. पट्टी भिंतीला ठोकली आहे, जमिनीला नाही. म्हणजे जमीन तिच्याखाली खुशाल सरकू शकते. पाहणाऱ्याला फट दिसतही नाही.

व्हर्साय ते दिल्ली

अशा नक्षीच्या लाकडी जमिनींना फ्रेंच भाषेवरून पार्के किंवा पार्केट म्हणतात. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ साली संगमरवरी फरशी काढून ओक लाकडाच्या नक्षीदार चौकटी बसवण्यात आल्या. संगमरवर वरचेवर पाण्याने धुवावा लागे आणि ते पाणी झिरपून खालच्या तुळया कुजू लागल्या, हे त्याचे कारण. आखूड तुकडे एकमेकांत तिरके गुंफून केलेल्या त्या चौकटी आजही व्हर्सायच्या नावानेच ओळखल्या जातात.

आपल्याकडील उदाहरणही लांबचे नाही. दिल्लीतील नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले. त्यासाठी सागवान आपल्या नागपूरहून गेले आणि जमिनीसाठी बांबू त्रिपुरातून आला. दिल्लीचा उन्हाळाही कोरडा आणि पावसाळा दमट. तेथेही लाकडाला हवेशी जुळवून घ्यावेच लागते.

काटकोनाची हीच युक्ती आणखी एका ठिकाणी वापरली जाते : प्लायवूडमध्ये. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात. प्रत्येक पापुद्र्याचे तंतू खालच्याच्या काटकोनात. एक पापुद्रा फुगू लागला की शेजारच्या पापुद्र्याचे लांबीच्या दिशेतील बळकट तंतू त्याला धरून ठेवतात. नक्षी वाढ वाटून देते. प्लायवूड ती बरीचशी रोखून धरते. आजकाल तयार मिळणाऱ्या लाकडी जमिनीच्या पट्ट्यांतही वर चांगल्या लाकडाचा थर आणि खाली असेच आडवे-उभे थर असतात.

तुम्ही करून पाहा

१) सुताराकडून एकाच फळीतून १० सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे मागून आणा. एकाची लांबी तंतूंच्या दिशेने आणि दुसऱ्याची तंतूंना आडवी असावी. दोन्ही आठवडाभर उन्हात वाळवा आणि लांबी काळजीपूर्वक मोजा. मग दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. शाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. दोन वाढींचे गुणोत्तर काढा.

२) पुठ्ठ्याचे २ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब असे चोवीस तुकडे कापा. त्यांची चटईची वीण आणि मासळीचा काटा, दोन्ही मांडून पाहा. मग लांबी ७ सेंटिमीटर घेऊन तेच करा. कोणती नक्षी जमते आणि कोणती जमत नाही, ते का, याचा विचार करा.

३) हा प्रयोग वर्षभराचा आहे. घरातील किंवा शाळेतील एक लाकडी दार निवडा. दर रविवारी दार मिटून चौकटीच्या फटीत वहीचे कागद एकेक करून सरकवा आणि किती कागद मावतात ते लिहून ठेवा. शंभर कागदांची एकत्र जाडी पट्टीने मोजून तिला शंभराने भागले की एका कागदाची जाडी मिळते. त्यावरून फटीची रुंदी काढा आणि महिन्यांप्रमाणे आलेख काढा. कोकणातील, मराठवाड्यातील आणि विदर्भातील शाळांनी आपापले आलेख एकमेकांना पाठवले तर फारच छान. शिक्षकांनी त्याच आलेखावर ओल्या-सुक्या फुग्याच्या तापमापकाने मोजलेली आर्द्रता दाखवावी. दोन रेषा किती दिवसांच्या अंतराने एकमेकींच्या मागे धावतात, हे पाहण्यासारखे असते.

आणि हो, पुढच्या पावसाळ्यात दार चिकटले तर लगेच रंधा मारू नका. कार्तिकापर्यंत थांबा. आणि घरी सुतार काम करताना "येथे थोडी जागा सोडू द्या," असे म्हणाला, तर ती जागा कशासाठी आहे हे आता तुम्ही घरच्यांना समजावून सांगू शकाल.